पहिली हाक

मीटिंग म्हटलं की भालचंद्र पागधरेला कंटाळा यायचा. राग नाही, भीती नाही, नुसता हाडात मुरलेला कंटाळा. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात घोळ माशाच्या पाठी जेवढे दिवस गेले, त्याहून जास्त घोळ माशावरच्या मीटिंगांत गेले होते. कधी मुंबईला, कधी सुरतेला, कधी पालघरला. चहा तोच, बिस्किटं तीच, भांडण तेच. तुमचे ट्रॉलर आमच्या पाण्यात घुसतात, तुमच्या जाळ्याची आस बारीक, एवढीशी भोकं, तुम्ही पिल्लं मारता. गुजरातवाले म्हणणार मासा आमच्याकडे वाढतो, आपले म्हणणार मासा आमच्याकडे अंडी घालतो. आणि मासा बिचारा कुणाच्याच बापाचा नाही, तो दोन्हीकडून फिरायचा आणि दोन्हीकडे मरायचा.

म्हणून सहा वर्षांपूर्वी कानखुंट आले तेव्हा भालचंद्रला हायसं वाटलं होतं. आता भांडायला काही उरणारच नाही, असं तो घरोघर सांगत फिरला. काय पण खुळा माणूस!

कानखुंट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. घोळ ही बोलणारी मासळी. तिच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला आपल्याकडे बोत म्हणतात. अंडी घालायचे दिवस आले की घोळ पोटाचे स्नायू त्या बोतीवर थडथड वाजवते आणि पाण्याखाली ढोल घुमतो. मासा जेवढा मोठा तेवढी बोत मोठी आणि आवाज खर्जातला. भालचंद्रच्या शिरदांडा गावचे जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, इंजिन बंद करून वल्हं पाण्यात उभं धरायचे, त्याच्या दांड्याला कान लावायचे आणि खाली घोळ किती, केवढ्या, ते सांगायचे. शास्त्रज्ञांनी काय केलं, वल्ह्याच्या जागी समुद्राच्या तळाशी खुंट रोवले आणि त्यांना पाण्यातलं ऐकणारे माइक लावले. दोन राज्यांच्या किनाऱ्यावर मिळून चौदाशे खुंट. माणसामाणसाचा आवाज वेगळा, तसा माशामाशाचाही वेगळा. तो ओळखून यंत्र मोजदाद करणार, मोजलेला मासा ठिपका होऊन बोटींच्या पडद्यावर दिसणार, आणि आकड्यावरून अकरा बंदरांचे वाटे ठरणार. आकडा चाळीस हजारांच्या खाली गेला तर तीन वर्षं घोळ बंद. सगळ्यांना बंद, बिनइंजिनाच्या होडीपासून मोठ्या ट्रॉलरपर्यंत.

पण यंत्राला घोळीचा आवाज ओळखायला शिकवणार कोण? ज्याचे कान चांगले तो. आपल्याकडून भालचंद्र आणि गुजरातकडून वलसाडच्या बाजूचा जेरामभाई टंडेल. दोघांनी दोन पावसाळे मुंबईच्या संस्थेत, एसीच्या खोल्यांत, वेगवेगळ्या टेबलांवर बसून हजारो तास आवाज ऐकले. घोळ बोलली की बटण दाबायचं. ढोम्यासारखा दुसरा मासा बोलला, बोटीचा पंखा फिरला, तर हात नाही लावायचा. एकमेकांशी बोलायची बंदी होती. शेवटी दोघांची उत्तरं ताडून पाहिली, तर शंभरातली अठ्ठ्याण्णव जुळली. डॉक्टर वैजयंती कामत या योजनेच्या प्रमुख. दोन राज्यांचे, आयुष्यभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे दोन तांडेल एकच सांगतात म्हणजे ते खरंच असणार, असं म्हणून त्यांनी संस्थेत पेढे वाटले होते.

आणि यंदा आकडा आला अडतीस हजार सहाशे चाळीस.

* * *

"आबा, मी बोट देतेय," हर्षला म्हणाली.

जेवणं चालली होती. बाहेर पावसाची झड, आणि पुळणीवर ओढून ठेवलेली ‘जलदेवी’ निळ्या प्लास्टिकखाली. हर्षला भालचंद्रची एकुलती एक मुलगी. बाई तांडेल होते म्हणून सुरुवातीला सगळा शिरदांडा हसला होता, आता तिने जाळं टाकलं की तेच लोक आपली बोट तिच्या मागून हाकायचे. नवरा निशिकांत मस्कतच्या बंदरात क्रेनवर कामाला होता. तो सात वर्षं बोलावत होता आणि ती सात वर्षं ‘हा हंगाम होऊ दे’ म्हणत होती.

"गिऱ्हाईक आहे. सोमवारी मीटिंगमध्ये बंदीवर शिक्का बसला की मंगळवारी कागद करायचे."

"एवढी कसली घाई?"

"तीन वर्षं, आबा! इंजिन सडेल, खलाशी पळतील. बोंबील-कोळंबीवर आता बोट चालत नाही, हे तूच सांगत असतोस ना?"

"आणि तिकडे जाऊन करणार काय?"

"जगणार. दुसरं काय करतात माणसं? तूही चल."

भालचंद्रने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. बायको गेल्याला नऊ वर्षं झाली होती. घरात संध्याकाळी बोलायला हीच एक. ही गेली की मग भिंती आणि टीव्ही. त्याला भयंकर एकटं वाटलं, आणि ते बोलून दाखवायची लाज वाटली.

"आकडा चुकला असेल," तो म्हणाला.

"तुझ्याच कानाचा आकडा आहे तो," हर्षला म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

* * *

दुसऱ्या दिवशी तो मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसला. दर वर्षी संस्थेकडून तपासायला शे-दीडशे तुकडे यायचे. यंत्राने जिथे घोळ मोजली तिथे पडद्यावर हिरवी खूण, ती बरोबर की चूक एवढं सांगायचं. पण ते तुकडे यंत्राने आपल्या खुणांभोवतीच कापलेले असायचे. या वेळी त्याने कामत मॅडमना फोन करून हट्ट धरला, की मला अख्खं ध्वनिमुद्रण पाठवा, अगदी पहिल्यापासून. त्यांनी पाठवलं.

हेडफोन चढवून तो डोळे मिटून ऐकत राहिला. आधी नुसतं पाणी. मग लांबून कोळंब्यांची चटचट. मग खर्जातला एक आवाज आला, थड थड थड, जुन्या दाराच्या मागून यावा तसा. मोठी होती. पंचवीस किलोच्या वरची. ती थांबली, आणि मग तिच्या मागून एक, दोन, तीन, चार जणी पाळी धरून बोलल्या.

त्याने डोळे उघडले. पडद्यावर चार हिरव्या खुणा होत्या. पहिल्या आवाजापुढे काही नव्हतं.

असेल एखादी चूक, म्हणून त्याने दुसरं लावलं. पहिलीला खूण नाही. तिसरं लावलं. पहिलीला नाहीच. दुपारपर्यंत त्याने तीस मुद्रणं ऐकली आणि तिसांतही तेच. त्या खर्जातल्या आवाजावर बोट ठेवलं की कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटायची: ‘इंजिन व इतर’.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याचं असं होतं. वल्ह्याला कान लावला की पहिली जी घोळ बोलेल ती धरायची नाही, असा शिरदांड्याचा रिवाज. पहिली हाक दर्यादेवाची. ती ऐकायची, हात जोडायचे, बोट वळवायची आणि तिच्या मागून बोलणाऱ्यांवर दुसरीकडून जाळं टाकायचं. हे कुणी कुणाला शिकवायचं नाही, लहानपणी बापाबरोबर गेलं की आपोआप कळायचं. पुढे खोल पाण्यातले ट्रॉलर आले, पडद्यावर मासा दिसायला लागला, आणि रिवाज म्हाताऱ्यांच्या अंगात तेवढा उरला. मुंबईच्या त्या गार खोलीत भालचंद्रचं बोट बटणावर असायचं, पहिली हाक यायची, आणि बोट हलायचं नाही. आपण काही सोडतोय हेही त्याच्या मनात आलं नव्हतं. आणि पहिली बोलणारी नेहमी थोरलीच. मग यंत्राने काय शिकावं? असा खोल आवाज म्हणजे घोळ नव्हेच. आणि त्याने पाच वर्षं दर्यातल्या सगळ्या थोरल्या घोळी इंजिनांच्या आवाजात ढकलून दिल्या.

पण मग जेरामभाईची उत्तरं कशी जुळली? भालचंद्रने फोन लावला.

"जेरामभाई, एक विचारतो. घोळीची पहिली हाक आली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? सोडून देतो. पहिली हाक दरियालालची."

"आणि मुंबईत? बटण?"

"अरे भगवान," जेरामभाई म्हणाला. "हातच नाही उठला, भालूभाई."

दोघेही हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसले. दोन साक्षीदार वेगवेगळे बसवले म्हणून शास्त्रज्ञ निर्धास्त, आणि दोघांच्या बापांनी त्यांना एकच गोष्ट शिकवून ठेवलेली.

"बोलू नको," जेरामभाई एकदम म्हणाला. "पाच वर्षं दरियाचा वाटा दरियाकडे राहिला. आपल्या चुकीनं राहिला, पण राहिला ना? राहू दे."

"माझी पोर चाललीय, जेरामभाई. बोट विकून."

"माझे दोघं गेले. एक हिऱ्यात, एक केमिकलमध्ये." तो थकलेला वाटला. "तू बोललास तर मी खोटं नाही बोलणार. तुझ्याखाली माझी सही करीन. पण मी आपणहून तोंड उघडणार नाही. तुझं तू बघ."

घरी येऊन भालचंद्रने पाय धुतले आणि ओल्या पायांनीच दारात उभा राहिला. हर्षला कपाटातून निवडक भांडी काढून बाजूला लावत होती.

"मंगळवारचे कागद थांबव," तो म्हणाला.

"का?"

"थांबव म्हणतो ना!"

* * *

सोमवारी पालघरच्या हॉलमध्ये अकरा बंदरांची माणसं जमली. शिरदांड्याचं मत हर्षलाकडे होतं. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. ट्रॉलरमालकांचा दिगंबरशेठ म्हणत होता की छोट्या होडीवाल्यांनीच पिल्लं मारून वाट लावली, होडीवाले म्हणत होते ट्रॉलरने तळ खरवडला, आणि निर्यातवाल्यांचा माणूस सांगत होता की बंदी झाली तर तीन वर्षांनी गिऱ्हाईक परत फिरकणार नाही. कामत मॅडम मधे बसून कपाळ चोळत होत्या.

भालचंद्र उठला. त्याने सगळं सांगितलं. बटणाचं, रिवाजाचं, ‘इंजिन व इतर’चं. त्याला मधे दोनदा पाणी प्यावं लागलं. तो खाली बसल्यावर पलीकडच्या रांगेतून जेरामभाई उभा राहिला आणि "हा खरं बोलतो. मीपण तेच केलं," एवढंच म्हणाला.

कामत मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत!"

"विचारलं कुठे तुम्ही?" भालचंद्र म्हणाला. उद्धटपणाने नाही. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडला, संस्थेत फोन केले, खोल आवाज वेगळे काढून पुन्हा मोजायला लावले. चाळीस मिनिटांनी आकडा आला: सत्तेचाळीस हजार तीनशे दहा. हॉलमध्ये असा गलका झाला की खालचा वॉचमन धावत वर आला. लोक उठून भालचंद्रच्या पाठीवर थापा मारत होते. दिगंबरशेठने त्याला मिठी मारली, ज्याने दहा वर्षांत कधी रामराम केला नव्हता त्याने. हर्षला जागेवरच बसून होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून भालचंद्रला वाटलं, झालं, आपलं काम झालं.

मग त्याने हात वर केला. "अजून एक. या थोरल्या मोजा, पण त्यांचे ठिपके बोटींना दाखवू नका. त्यांना सोडा. पूर्वी सोडायचो तसं."

गलका हळूहळू थांबला.

"भालूशेठ," दिगंबर हसून म्हणाला, "मोजलेला मासा तो मासा. निम्मा मोजायचा आणि निम्मा पुजायचा, असं कसं चालेल? या थोरल्यांच्याच बोतीला तर सोन्याचा भाव."

"आम्ही सोडू, पण समोरचा सोडेल कशावरून?" मागून कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही, वीस वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी हेच म्हणत आलं होतं.

कामत मॅडमनी शांतपणे विचारलं, "काका, कारण सांगा. जैविक कारण. का सोडायच्या?"

भालचंद्रने आठवून पाहिलं. बापाने कारण कधी सांगितलंच नव्हतं. "वडील सोडायचे," तो म्हणाला. "पहिली बोलली की मग बाकीच्या बोलतात."

काही जण हसले. मॅडम हसल्या नाहीत. "याचा आपल्याकडे काहीच डेटा नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीच्या अभ्यासात नक्की घेऊ."

मतं पडली नऊ विरुद्ध दोन. दोनांतलं एक जेरामभाईच्या बंदराचं आणि एक हर्षलाचं. बापाकडे न बघता तिने हात वर केला होता.

* * *

नारळी पौर्णिमा झाली आणि दर्या उघडला. ‘जलदेवी’ विकली नाही. हर्षलाने निशिकांतला ‘हा हंगाम होऊ दे’ म्हणून कळवलं, आणि भालचंद्र चार वर्षांनी पुन्हा बोटीवर चढला. बरोबर जुनं सागवानी वल्हं घेतलं. खलाशी गालात हसले, पण कुणी काही बोललं नाही.

उजाडायच्या सुमारास ते जागेवर पोचले. आजूबाजूला नजर जाईल तिथवर बोटी. सगळ्यांच्या पडद्यावर तेच ठिपके होते. थोरल्या घोळींचे लाल, बाकीच्यांचे हिरवे. लाल ठिपका धरला गेला की राखाडी व्हायचा, म्हणजे आपल्या वाट्यातून कुठला गेला ते सगळ्यांना कळावं. तासाभरात निम्मे लाल ठिपके राखाडी झाले होते.

हर्षलाने एका लाल ठिपक्याच्या जवळ इंजिन बंद केलं. भालचंद्रने वल्हं पाण्यात सोडलं, उभं धरलं आणि दांड्याला कान टेकला. लाकूड गार होतं. थोडा वेळ नुसतं पाणी, आणि मग ती आली. थड थड थड. त्याचे हात आपोआप जोडले जायला लागले, पण वल्हं धरायला हवं होतं.

"पहिली," तो म्हणाला.

"सव्वीस किलो दाखवतंय," हर्षला म्हणाली. तिचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. "आबा, मागे दिगंबरचा ट्रॉलर आहे."

"बघितला."

"आपण सोडली तर दहा मिनिटांत तो घेईल."

भालचंद्रने कान वल्ह्यावरच ठेवला.

"आणि मोजायला तूच लावलीस हिला." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तरी तू सोड म्हणालास तर मी बोट वळवते. हात वर केला होता मी, विसरले नाही. बोल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, आईसारखी हनुवटी. हंगाम रिकामा गेला तर ही मस्कतला जाणार, आणि हिने बोट वळवली तरी ती मासळी काही वाचणार नाही, दिगंबरच्या जाळ्यात जाणार. तो जन्मभर बोलत आला होता. अकरा बंदरांपुढे बोलला होता. आता एक शब्द बोलायचा होता आणि तो जिभेवर येईना. खलाशी जाळ्याला हात घालून ताटकळले होते. ट्रॉलरचा धूर जवळ येत होता.

"टाक," तो म्हणाला.

जाळं सरसरत गेलं. फार वेळ लागला नाही. पाणी घुसळलं, दोर ताणले, आणि पडद्यावरचा लाल ठिपका राखाडी झाला. खलाशांनी आरोळी ठोकली.

भालचंद्रने पुन्हा वल्ह्याला कान लावला. आता बाकीच्यांची पाळी होती. तिच्या मागून एक, दोन, तीन, चार. पडद्यावर हिरवे ठिपके तर अजून दिसत होते, पण ते सकाळच्या मोजणीचे. तो थांबला. श्वास रोखून थांबला. खाली कुणी बोललं नाही.

"बोल ग," तो वल्ह्याला म्हणाला. "बोल ना बाई."

पाण्याची सळसळ होती. लांबून इंजिनं ऐकू येत होती. बाकी काही नाही. कानखुंटसुद्धा आत्ता हेच ऐकत असणार, त्याच्या मनात आलं, आणि पुढच्या आषाढात आकडा काढायला बसले की त्यांना मोजायला काय मिळणार ते त्याला कळून चुकलं. मॅडमनी विचारलेलं कारणही कळलं. बापालाही ते बहुतेक असंच, उशिरा कळलं असेल.

"आबा, काय ऐकतोस अजून?" हर्षलाने विचारलं. "आहेत ना खाली?"

ती हसत होती. किती दिवसांनी हसत होती.

"असतील," तो म्हणाला. त्याने वल्हं वर घेतलं, पुसलं, काठाशी आडवं ठेवलं आणि जाळं ओढायला तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.